मुलांना हातशिलाई शिकवताना : बारदानाच्या तुकड्यापासून तान्ह्या पोळ्याच्या झुलीपर्यंत

विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि मे महिन्यातल्या लांबलचक दुपारी गावातल्या मुलांना घराबाहेर सोडता येत नाही. अशा दुपारी गेली काही वर्षे मी आमच्या माजघरात शेजारपाजारच्या मुलामुलींना सुई-दोरा धरायला शिकवत आले आहे. पहिल्या वर्षी मी रुमालापासून सुरुवात केली, कारण मला स्वतःला तसेच शिकवले गेले होते. पातळ कापड, त्याची बारीक दुमड आणि दिसू नये असा टाका, ह्या तिन्ही गोष्टी सात-आठ वर्षांच्या मुलाकडून एकाच वेळी होत नाहीत; आठवडाभरात निम्मी मुले यायची थांबली. त्यानंतर मी वस्तूंचा क्रम बदलला आणि एक कसोटी ठरवली : मुलाला अशीच वस्तू शिवायला द्यावी की टाका चुकला तर ते मोठ्यांना सांगावे लागू नये, त्या वस्तूतच ते मुलाला दिसावे. खाली दिलेला क्रम ह्या कसोटीला उतरलेला आहे.

सुरुवातीची तयारी

सहा वर्षांच्या आसपासचे मूल बोथट टोकाच्या सुईने काम करू शकते, आणि आठव्या वर्षी बहुतेक मुलांच्या हाती टोकदार सुई देता येते. मात्र वयापेक्षा मुलाची एका जागी बसण्याची तयारी पाहावी. शिकवणी मुलगे आणि मुली दोघांचीही एकत्र घ्यावी. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची झूल शिवायची म्हटल्यावर मुलग्यांना आग्रह करावा लागत नाही.

सामान थोडेच लागते : लोकरीच्या कामाची मोठ्या नेढ्याची बोथट सुई, गोधडी शिवायची लांब सुई, सुती दोऱ्याचे पांढरे व लाल रीळ, कात्री, टाचण्या, मोजपट्टी आणि मोठ्यांसाठी असते तसेच, पण मुलाच्या बोटाला बसेल असे अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटाला टोचू नये म्हणून घालायची टोपी. हातशिलाईच्या सुयांवरचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते, हे दुकानात जाताना लक्षात ठेवावे. मुलांसाठी लहान क्रमांकाची जाड सुईच बरी. कापडावर खूण करायला आंघोळीच्या साबणाची उरलेली चिपडी वापरावी, कारण तिची रेघ स्पष्ट उमटते आणि धुतल्यावर निघून जाते. कापड सुतीच घ्यावे. जुने लुगडे, धोतर, मांजरपाट, शिंप्याच्या दुकानातले कातरण ह्यांतले काहीही चालते. नायलॉन आणि जॉर्जेट मात्र मुलांच्या हातात देऊ नयेत, कारण ते घसरतात आणि मुलाला वाटते की आपल्यालाच जमत नाही. नवा मांजरपाट कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावा, म्हणजे त्यातली खळ निघून जाते आणि शिवलेली वस्तू पुढे आटत नाही.

सुया मुलांना मोजून द्याव्यात आणि उठताना मोजून परत घ्याव्यात. ह्या नियमात मी एका दिवसाचीही सूट देत नाही. सुई हातात नसेल तेव्हा ती सुईच्या उशीतच खोचलेली असावी, ती दातात धरू नये आणि अंगावरच्या कपड्यात टोचून ठेवू नये. सुई तुटली तर दोन्ही तुकडे सापडेपर्यंत काम थांबवावे. बिघडलेल्या भोंग्यातले लोहचुंबक जवळ ठेवले तर सारवलेल्या जमिनीवर पडलेली सुई लगेच सापडते. विजेचा भरवसा नसल्याने बसण्याची जागा दाराजवळची, दिवसाच्या उजेडाची निवडावी, आणि मे महिन्यात घामाने सुई बोटांत सरकते म्हणून हात पुसायला एक कोरडे फडके प्रत्येकाजवळ द्यावे.

दोऱ्याशी ओळख

पहिल्या दिवशी काहीही शिवू नये. आमच्याकडे घराघरात वातीसाठी कापूस असतोच; त्यातला चिमूटभर प्रत्येक मुलाला द्यावा आणि तो बोटांनी ओढायला सांगावे. तंतू सहज सुटतात. मग तोच कापूस ओढता ओढता पिळायला सांगावे, म्हणजे ओढूनही पटकन न तुटणारा धागा तयार होतो. दोऱ्याची ताकद पिळात आहे हे एकदा बोटांना कळले की पुढच्या पुष्कळ गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. नेढ्यात ओवताना टोक फाकते ते पीळ सुटल्यामुळे, म्हणून दोरा तोडण्याऐवजी कात्रीने तिरका कापावा आणि टोक ओले करून दाबावे. शिवता शिवता दोऱ्याला आपोआप गाठी पडतात त्या बोटांत सुई फिरत राहून पीळ वाढल्यामुळे. दर दहा-बारा टाक्यांनंतर कापड वर धरून सुई मोकळी लोंबकळत सोडावी, म्हणजे ती गरगर फिरून जादा पीळ उलगडते. हे पाहायला मुलांना फार आवडते.

हाताने काम करता करता मुलाने शिकावे हा विचार विदर्भाच्या मातीला नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानणारी नई तालीमची मांडणी पुढे आली, आणि तिच्यात टकळीवरच्या सूतकताईला महत्त्वाचे स्थान होते. आपल्या शिकवणीतही मोजणे, बेरीज-वजाबाकी आणि काटकोन हे वेगळे शिकवू नयेत. कापड बेतताना ते येतातच.

दोऱ्याची लांबी मुलाच्या एका हाताएवढी, म्हणजे सुमारे 45 सेंटीमीटर घ्यावी. सारखा ओवावा लागू नये म्हणून मुले लांब दोरा मागतात, परंतु लांब दोऱ्याला गाठी जास्त पडतात आणि प्रत्येक टाक्याला हात दूरवर न्यावा लागल्याने मूल दमते.

पहिले काम : बारदानाचा तुकडा

रिकाम्या पोत्याचा तळहाताहून थोडा मोठा तुकडा कापावा, तो झटकून, धुऊन वाळवावा आणि बोथट सुईत लोकर ओवून मुलाला द्यावा. बारदानाची वीण सैल असल्यामुळे उभे-आडवे धागे डोळ्यांनी मोजता येतात. दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून सुई न्यायला सांगावे; हाच धावदोरा. एखादा टाका तीन धाग्यांवरून गेला तर पुढची ओळ मागच्या ओळीशी जुळत नाही आणि मुलाला ते स्वतःच दिसते. अशा वेळी आपण हात पुढे करू नये. उसवायचे की तसेच पुढे जायचे हे मुलाने ठरवावे. माझ्या अनुभवात पहिल्या दोन ओळी वाकड्या सोडून देणारी मुले तिसऱ्या ओळीपासून आपणहून उसवू लागतात.

डावखुऱ्या मुलाला शेजारी बसवून शिकवू नये, समोर बसवावे. उजव्या हाताने शिवणारा माणूस उजवीकडून डावीकडे जातो आणि डावखुरा डावीकडून उजवीकडे, त्यामुळे समोर बसलेल्या मुलाला आपला हात आरशातल्यासारखा दिसतो आणि त्याला तो जसाच्या तसा गिरवता येतो.

बटण

दुसरे काम एका बैठकीत होते. चार छिद्रांचे बटण कापडावर ठेवावे, बटणाच्या वर आडवी आगकाडी धरावी आणि टाके काडीवरून घ्यावेत. प्रत्येक जोडीतून चार वेळा दोरा गेला की काडी काढून टाकावी, बटण वर ओढावे, खाली सैल राहिलेल्या दोऱ्याभोवती तीन-चार वेढे द्यावेत आणि उलट्या बाजूला गाठ मारावी. काडी न ठेवता घट्ट शिवलेले बटण काजात जाताना कापड गोळा करते. मुलाने तसे केले तर ते काजात घालून पाहायला द्यावे.

चिंचोक्यांची पिशवी

शिवणीचे खरे शिक्षण इथे होते, म्हणून ह्या कामाला चार-पाच दुपारी द्याव्यात. पिशवी तयार झाल्यावर 10 सेंटीमीटर लांब-रुंद हवी आणि प्रत्येक बाजूला 1 सेंटीमीटर शिलाईसाठी सोडायचे, तर कापड किती घ्यावे हे मुलाला विचारावे. पुष्कळ मुले 11 सांगतात. त्यांना कागदाचा तुकडा 11 चा कापून दोन्ही बाजू दुमडून पाहू द्यावे, म्हणजे 12 हे उत्तर ती स्वतः शोधतात. हे माप कंपासपेटीतल्या 15 सेंटीमीटरच्या पट्टीवर मावते, म्हणूनही सोयीचे आहे.

12 सेंटीमीटरचे दोन चौकोन कापावेत आणि सुलट्या बाजू आत येतील असे एकमेकांवर ठेवावेत. कडेपासून 1 सेंटीमीटर आत साबणाने रेघ ओढावी, टाचण्या लावाव्यात आणि लांब लांब कच्चे टाके घालून दोन्ही कापडे जोडून घ्यावीत. पक्की शिलाई कोपऱ्यापासून न करता एका बाजूच्या मधून सुरू करावी, कारण शेवटी 4 सेंटीमीटर जागा तिथेच उघडी ठेवायची असते. टाका उलट्या टीपेचा घ्यावा : सुई एक टाका पुढे काढायची, मागच्या टाक्याच्या टोकाशी परत खाली घालायची आणि पुन्हा एक टाका पुढे काढायची. वरून पाहिले तर सलग रेघ दिसते, खालून टाके एकमेकांवर चढलेले दिसतात. शिवून झाल्यावर कोपऱ्यांवरचे जादा कापड तिरके कापावे, पण शिलाईच्या फार जवळ जाऊ नये. मग पिशवी उघड्या जागेतून सुलटी करून बोथट काडीने कोपरे बाहेर काढावेत.

धुऊन उन्हात कडक वाळवलेले चिंचोके पिशवीत पाऊण भागापर्यंत भरावेत आणि तोंड बोटांत दाबून ती जोरात हलवावी. मोठे अंतर राहिले असेल तर चिंचोका तिथून डोकावतो. चिंचोके टिकले की ते काढून मूठभर ज्वारी भरायला सांगावे. ज्वारीचा दाणा लहान असल्यामुळे तो त्याहून बारीक फटी शोधून काढतो. दाणा जिथून गळला तिथे मूल स्वतः साबणाची खूण करते आणि तेवढीच शिलाई पुन्हा घालते. ज्वारी मात्र आत ठेवू नये, तिला कीड लागते आणि उंदीर येतात. शेवटी चिंचोके भरून तोंड जवळजवळ घातलेल्या वरटाक्यांनी, म्हणजे दोन्ही कडांवरून वेढा घेणाऱ्या टाक्यांनी, बंद करावे. अशा पाच पिशव्या झाल्या की झेलण्याचा खेळ तयार होतो, आणि तो खेळताना शिवणीची राहिलेली परीक्षाही होते.

ह्या टप्प्यावर आई-आजींना एक विनंती करावीशी वाटते. मूल झोपल्यावर त्याची वाकडी शिलाई उसवून सरळ करून ठेवू नये. सकाळी मुलाला ते कळते, आणि आपले काम आपल्या हातचे राहिले नाही म्हटल्यावर त्याची सुई थांबते.

शाळेसाठी बस्कर

जुन्या लुगड्याचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये धोतराचा एक थर घेऊन सुमारे 40 सेंटीमीटरचे चौकोनी बस्कर करता येते. चारही कडा आत दुमडून कच्च्या टाक्यांनी धराव्यात, मग गोधडीच्या सुईने कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन घालत मध्याकडे यावे. दोन ओळींमध्ये मुलाच्या एका बोटाचे अंतर ठेवावे. तिन्ही थरांतून सुई सरळ खाली गेली नाही तर मागच्या बाजूचा टाका हुकतो, म्हणून दर ओळीनंतर बस्कर उलटून पाहण्याची सवय लावावी. अंगुस्तान का घालायचे हेही इथेच समजते. काम लांबचे आहे. रोज दोन-तीन ओळींवर थांबवावे. घरी आजी असेल तर तिला शेजारी तिची वाकळ घेऊन बसायला सांगावे.

शिलाई मशीनविषयी

दहा-अकरा वर्षांच्या आधी मशीन देऊ नये. पायमशीनच्या चाकातला गोल स्क्रू सैल केला की चाक फिरते पण सुई हलत नाही. पहिले दोन दिवस मुलाने नुसते पाय चालवून चाक आपल्याकडे सलग फिरते की नाही एवढेच पाहावे. पुढे दोरा न ओवता वहीच्या रेघी कागदावर सुई चालवावी. छिद्रे रेघेवर आली की मग कापड.

तान्ह्या पोळ्याची झूल

पोळा श्रावण अमावास्येला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदीबैलांचा तान्हा पोळा. झुलीचे काम नागपंचमीच्या सुमारास हाती घेतले तर घाई होत नाही. वर्तमानपत्राचा कागद बैलाच्या पाठीवर टाकून वशिंडाच्या मागून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंतची रुंदी मुलानेच आखावी. झूल वशिंडाच्या मागे बसेल अशीच बेतावी, म्हणजे सगळ्या कडा सरळ राहतात आणि गोलाई कापावी लागत नाही. कागदावरून कापड कापताना चारही बाजूंना दीड सेंटीमीटर जास्त ठेवावे. त्यातले अर्धा सेंटीमीटर आधी दुमडावे, मग उरलेले 1 सेंटीमीटर, आणि दुमडीवरून मोठ्यांनी गरम पाणी भरलेला तांब्या फिरवून द्यावा. इस्त्रीसारखी घडी बसते.

आता हेमचा टाका शिकवावा. सुईने दुमडीतून वर येऊन खालच्या कापडाचे एक किंवा दोनच धागे उचलायचे. जास्त धागे उचलले गेले तर सुलट्या बाजूला ठिपका दिसतो, म्हणून दोरा मुद्दाम झुलीच्या रंगाहून वेगळा द्यावा. कडा पूर्ण झाल्यावर लाल लोकरीने धावदोऱ्याच्या दोन ओळी, जुन्या शर्टांची बटणे आणि कोपऱ्यांना गोंडे लावता येतात. काय कुठे लावायचे ह्यात आपण बोलू नये.

शेवटी दोन्ही बाजूंना दोन-दोन नाड्या उलट्या टीपेने पक्क्या शिवाव्यात. नाड्या पोटाखाली बांधून बैल अंगणात एकदा ओढून पाहावा. झूल एका अंगाला सरकत असेल तर त्या बाजूची नाडी आखूड करावी, आणि गोंडे चाकांत अडकत असतील तर ते दोन बोटे वर घ्यावेत.