पाच वर्षांचा लेखाजोखा मांडताना आमदारांच्या हातून होणाऱ्या चुका; या टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात मी दोन निवडणुका पत्रव्यवहार सांभाळला. कापूस-सोयाबीनचा पट्टा. पहिल्या खेपेला आम्ही चाळीस पानांचा कार्यअहवाल काढला, सगळा रंगीत, गुळगुळीत कागदावर. एका गावात पारावर तो वाटत होतो. एका आजीनं चष्मा पुसून तिच्या गावाचं पान काढलं, बराच वेळ फोटो पाहिला आणि मला म्हणाली, "बापू, हा पूल आमचा नोहे. आमच्या पुलाले कठडेच नाईत."

फोटो शेजारच्या तालुक्यातल्या पुलाचा होता. छापखान्यात घाईघाईत दिलेल्या फोटोंच्या गठ्ठ्यात तो गेला आणि कोणी तपासला नाही. तपासायचं काम माझंच होतं. पुढची पाऊण सभा कठड्यांवर झाली. त्या गावात खरोखर झालेली दोन कामं सांगायची राहूनच गेली.

म्हणून पहिली गोष्ट: फोटो गावातल्याच माणसाकडून मागवा, काढल्याची तारीख त्याच्याखाली छापा आणि छपाईआधी गावाचं पान सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला दाखवा. विरोधी गटाचा सरपंच असेल तर आधी त्यालाच दाखवा. चूक असेल तर तो नक्की काढतो.

"मंजूर" म्हणजे "झालं" नव्हे

सगळ्यात जास्त नाचक्की इथं होते. आमदारानं कामाची शिफारस केली की कार्यकर्ते लगेच "काम आणलं" म्हणून फलक लावतात. त्यानंतर अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश एवढा पल्ला बाकी असतो. भूमिपूजनाचा नारळ फुटून दोन पावसाळे गेले तरी गिट्टीचा ढीग जागचा हलत नाही, आणि त्या ढिगावर उगवलेलं गवत गावातली बकरीसुद्धा ओळखते. अहवालात मात्र "रस्ता: ३५ लाख" असं लिहिलेलं.

उपाय साधा आहे. गावनिहाय तक्ता करा. गाव, काम, रक्कम, पैसा कुठल्या निधीतून, आणि आज काम कुठल्या टप्प्यावर. शेवटचा रकाना भरताना हात जड होतो, पण लोक आधी तोच वाचतात.

"कुठल्या निधीतून" हा रकानाही टाळू नका. घरकुल, जलजीवन मिशनची टाकी, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता यांत केंद्राचा पैसा असतो. गावातली नाली बहुतेक वेळा ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून बांधलेली असते. योजनेचं नाव आणि रक्कम लिहिलेली पाटी रस्त्याच्या कडेलाच उभी असते. ती वाचता येणारं पोट्टं आता घरोघरी आहे. आमदारानं पाठपुरावा केला असेल तर "पाठपुरावा केला" एवढंच लिहावं. त्यात कमीपणा नाही.

आणि आमदार निधीचं गणित लोकांना एकदा उघड करून सांगाच. आता तो वर्षाला ५ कोटी रुपये आहे. दोनशे गावांचा मतदारसंघ धरला, तर सारखी वाटणी केल्यावर एका गावाला वर्षाकाठी अडीच लाख येतात. एवढ्यात धड सभामंडपही उभा राहत नाही. हे आम्ही एका सभेत फळ्यावर खडूनं मांडून दाखवलं, तेव्हा मागून आवाज आला, "मंग आमच्या वाट्याचे अडीच लाख कोण्या गावाले गेले?" प्रश्न वाजवी होता. यादी हातात होती म्हणून उत्तर देता आलं.

राहिलेली कामं लपवणं

आमच्याकडे पांदण रस्ता, म्हणजे शेतात जायची वाट, हा जिव्हाळ्याचा विषय. पावसाळ्यात बंडी चिखलात रुतते, ट्रॅक्टर जात नाही, वेचलेला कापूस डोक्यावरून आणावा लागतो. पहिल्या अहवालात ज्या पांदणींचं काम झालं त्याच आम्ही छापल्या. राहिलेल्यांचा शब्द नाही. झालं असं की, ज्यांची पांदण राहिली ते प्रत्येक सभेत तेच घेऊन उठले आणि ज्यांची झाली ते गप्प बसले. झालेल्या कामासाठी कोण कशाला उभं राहील?

दुसऱ्या खेपेला शेवटची सहा पानं "राहिलेली कामं" या मथळ्याखाली दिली. कारणासकट: या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोन कास्तकारांचा मोजणीचा वाद आहे, इथं वनविभागाची परवानगी अडली, इथं ठेकेदार काम अर्धवट टाकून गेला, आणि चार ठिकाणी सरळ, "आमच्याकडून पाठपुरावा झाला नाही." जिल्ह्याच्या नेत्यांना ही पानं अजिबात आवडली नव्हती. विरोधक याच पानांचे फोटो काढून फिरवतील, असं त्यांचं म्हणणं. विरोधकांनी ते फिरवलेही. पण सभेत उठणारा माणूस आता "झालं का नाही" ऐवजी "कधी होते" असं विचारू लागला. या प्रश्नाला निदान उत्तर असतं.

विधानसभेतल्या कामाचा नुसता आकडा देणं

"इतके तारांकित प्रश्न, इतक्या लक्षवेधी" याचा वावरातल्या माणसाला काही बोध होत नाही. त्याला आमदार डिसेंबरात नागपूरला अधिवेशनात होते एवढं माहीत असतं, तेही पेपरातल्या फोटोमुळे. एकच प्रश्न घ्या आणि तो शेवटपर्यंत सांगा. शेतीपंपाला दिवसा वीज मिळत नाही हे मांडलं. मंत्र्यांनी काय उत्तर दिलं. नंतर आपल्या उपकेंद्रावर काय बदललं, की काहीच नाही. रानडुकरं आणि रोह्यांनी (नीलगायींनी) केलेल्या नुकसानीची भरपाई, कापूस खरेदी केंद्र उशिरा सुरू होणं, हेही असंच सांगता येतं. मंत्र्यानं सभागृहात आश्वासन दिलं असेल तर ते पाळलं का, हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तिथे आपण काय केलं हे सांगणारा आमदार मी तरी क्वचितच पाहिला.

सभेची वेळ

२०२४ मध्ये आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. मध्ये दिवाळी, सोयाबीनची मळणी, कापसाची वेचणी. त्यात सोयाबीनला ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजारात त्याखाली विकावं लागत होतं. अशा दिवसांत सकाळी अकराची सभा ठेवली तर समोर आपलेच कार्यकर्ते बसतात. संध्याकाळी सातनंतर या. बायांशी बोलायचं असेल तर त्याहून थोडं उशिरा, भाकरी झाल्यावर. आणि भावाचा प्रश्न येणारच हे धरून चला. त्या दिवशीचा बाजार समितीचा दर माहीत नसेल तर माइक हातात घेऊ नका.

आचारसंहिता आणि छपाई

खरं तर अहवाल आचारसंहितेच्या कितीतरी आधी, दरवर्षी निघायला हवा. तसं होत नाही, म्हणून एवढं लक्षात ठेवा. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर, पुस्तिकेवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चं कलम १२७-क. एका कार्यकर्त्यानं परस्पर हजार पत्रकं नावाशिवाय छापून आणली होती, ती रातोरात परत गोळा करताना आमची दमछाक झाली. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरतात, मर्यादा ४० लाखांची. पुस्तिका आधी छापली पण अर्ज भरल्यावर वाटली, तरी ती खर्चात येते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. शासकीय विश्रामगृहात बसून पुस्तिकांचे गठ्ठे बांधू नका. कार्यारंभ आदेश निघूनही जागेवर सुरू न झालेलं काम आचारसंहितेत सुरू होत नाही, तेव्हा "पुढच्या आठवड्यात जेसीबी येते" असा शब्द देऊ नका.

कोणी भर सभेत उठलं तर

खाली बसवू नका. कार्यकर्त्यांना आधीच बजावून ठेवा, कारण "ए, बस खाली" हे वाक्य नेहमी त्यांच्याकडून येतं आणि त्याची किंमत आमदार मोजतो. गावाचा तक्ता काढा, काम त्यात आहे का बघा. नसेल तर त्याच्यासमोर वहीत लिहा, तारीख टाका आणि पोच म्हणून खालची प्रत फाडून त्याच्या हातात द्या. आम्ही कार्बन कागदाची वही वापरायचो. ती दोन महिन्यांनी कोणी उघडणार नसेल, तर मात्र लिहूच नका. लोक पोच जपून ठेवतात. दाराच्या चौकटीत खोचलेल्या, धुरानं पिवळ्या पडलेल्या पोचा मी पाहिल्या आहेत.

प्रती मोजून छापा. घरटी एक पुरते. आमच्या पहिल्या अहवालाचे उरलेले गठ्ठे शेवटी आठवडी बाजारात चिवड्याच्या पुड्यांना गेले. कागद फार गुळगुळीत आहे, तेल सगळं बाहेर येते, अशी चिवडेवाल्याची तक्रार होती.