संथ ऐतिहासिक चित्रपट अर्ध्यावर सुटतो? या चुका टाळा

'काहीच घडत नाही हो यात!' ऐतिहासिक चित्रपट अर्ध्यावर सोडणाऱ्यांची तक्रार बहुतेकदा हीच असते. जरा चौकशी केली तर कळतं, की चित्रपट भर दुपारी लावला होता, खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि घरात नुकतंच काही मोठं बदललं होतं: कुणी निवृत्त झालं होतं, मुलगी परदेशी गेली होती किंवा कुणाचं बारावं-तेरावं नुकतंच आटोपलं होतं. चित्रपट कंटाळवाणा असूही शकतो, पण त्याच्यावर शिक्का मारण्याआधी बाकीचं तपासून घ्यावं.

वेळ आणि उजेड

शीतकडी जेवून आडवं व्हायच्या वेळी संथ चित्रपट लावला की डोळा लागणारच. रात्री उशिराही तेच. 'बॅरी लिंडन' (१९७५) १८५ मिनिटांचा आहे. साडेनऊला सुरू केला तर संपायला साडेबारा उलटतात. संध्याकाळी साडेसहाला लावा. त्याचे मुळातच दोन भाग आहेत, त्यामुळे जेवण मधोमध घेता येतं.

याच चित्रपटात रात्रीचे काही प्रसंग केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले आहेत. त्यासाठी दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने झाइस कंपनीची एफ/०.७ ची, म्हणजे खूपच उजेड आत घेणारी लेन्स वापरली. अशी दृश्यं व्हरांड्यातून ऊन येणाऱ्या खोलीत निव्वळ काळी दिसतात. चेहरे दिसत नाहीत, मग 'काही घडत नाही' असं वाटतं. पडदे ओढा, टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवा आणि पिक्चर मोड 'व्हिविड' वरून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' वर आणा.

दुसरी सेटिंग त्याहून महत्त्वाची. ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशा कंपनीनुसार वेगवेगळ्या नावांनी टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतः बनवून घालतो. चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो. त्यात ही भर पडली की अठराव्या शतकातला दिवाणखाना मालिकेच्या सेटसारखा गुळगुळीत दिसू लागतो. ती बंदच करा. वरखाली काळे पट्टे आले तर 'झूम' दाबू नका, कडेला उभी माणसं कापली जातात. अंतरही मोजा: ४३ इंची टीव्हीपासून सहा फूट, ५५ इंचीपासून सात ते आठ फूट. बारा फुटांवरच्या सोफ्यावरून सबटायटल वाचताना पहिल्या तासातच डोळे थकतात.

पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असतील तर आवाज नुसता वाढवून भागत नाही. पार्श्वसंगीत अंगावर येतं आणि संवाद तसेच दबलेले राहतात. टीव्हीचेच स्पीकर असतील तर ऑडिओत ५.१ (अनेक स्पीकरसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ निवडा, आणि भाषा येत असली तरी सबटायटल चालू ठेवा.

१.२५ पट वेग

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 'शतरंज के खिलाड़ी' (१९७७) मधला जनरल ऊट्रम आणि कॅप्टन वेस्टन यांचा लांबलचक संवाद घ्या. वरवर पाहता दोन अधिकारी अवधच्या नवाबाबद्दल बोलतात, एवढंच. पण वाजिद अली शाह कविता करतो, नाचतो, हे ऐकताना ऊट्रमला ते समजतच नाही, आणि ज्याला समजतं त्या वेस्टनला जपून बोलावं लागतं. १८५६ मध्ये अवध खालसा होणार आहे, ते कोणत्या मनोवृत्तीतून, हे त्या थांब्यांमध्ये कळतं. वेग वाढवला की थांबे आकसतात आणि उरतात फक्त वाक्यं.

त्याऐवजी सुरुवात करण्यापूर्वी त्या काळावर पानभर वाचा: सत्ता कुणाची, भांडण कशाचं, साल कोणतं. कथानक वाचू नका. मग लांब शॉट आला की कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण कुणाकडे बघायचं टाळतंय, हे शोधा. ऐतिहासिक चित्रपटात मानमरातब बहुतेक असाच दिसतो.

आयुष्य बदललेलं असताना

घरात मृत्यू झाला असेल, तान्हं मूल असेल किंवा गावचं घर सोडून नुकतेच फोंड्याच्या फ्लॅटमध्ये आला असाल, तर लक्ष टिकत नाही. झोप तुटलेली असते, मन दुसरीकडे असतं. हा तुमच्या रसिकतेचा दोष नव्हे. अशा दिवसांत चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे तुकडे करा. तुकडा प्रसंग संपल्यावर तोडा, आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं मागून सुरू करा. दोन तुकड्यांत चार दिवसांहून जास्त खंड पडला तर नावं आणि नाती विसरतात.

विषय आधी विचारून घ्या. 'बॅरी लिंडन'च्या उत्तरार्धात एका लहान मुलाचा मृत्यू आहे आणि तो प्रसंग घाईने उरकलेला नाही. पोरकेपण किंवा अपत्यवियोग ताजा असेल तर हा चित्रपट वर्षभर बाजूला ठेवलेला बरा. दुःखावर संथ चित्रपट औषध म्हणून सुचवणारे सुचवतात, पण कोणता चित्रपट, हे ते क्वचितच तपासतात.

निवृत्त माणसांची चूक उलटी. वेळ मोकळा मिळाला म्हणून रोज एक महाचित्रपट लावतात आणि पंधरवड्यात उबगतात. आठवड्याला एक पुरे. पूर्वी न आवडलेला एखादा पुन्हा लावून पाहा. तिशीत रटाळ वाटलेला म्हाताऱ्या सरदाराचा प्रसंग साठीत वेगळा दिसतो. चवथीला घर माणसांनी भरलेलं असताना मात्र हा प्रयोग नको.

इफ्फीत

नोव्हेंबरात पणजीला भरणाऱ्या या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दिवसाला चार-पाच चित्रपट गाठणारे तीन तासांचा ऐतिहासिक चित्रपट शेवटी ठेवतात. तो सकाळच्या पहिल्या खेळाला घ्या आणि त्यानंतर निदान तासभर मोकळा सोडा. पुढच्या दोन-तीन रांगा टाळा, सबटायटल वाचताना मान अवघडते. एसी कडक असतो. शाल किंवा पूर्ण बाह्यांचा शर्ट बरोबर असू द्या.