इंग्रजी शब्द एकटा पाठ करू नका

शब्दांच्या याद्या घोकून अर्थ पाठ होतो, पण बोलताना गाडी अडते, कारण तो शब्द कोणाबरोबर बसतो हे ठाऊक नसतं. म्हणून आधी वही घ्या. नवा शब्द दिसला की तो ज्या वाक्यात आला ते अख्खं वाक्य उतरवा. नुसतं 'मिस्टेक म्हणजे चूक' लिहिलंत, तर 'चूक करणे'वरून तोंडात 'डू मिस्टेक' येणारच. 'मेक अ मिस्टेक' असं एकत्रच लिहा आणि खाली स्वतःबद्दलचं एक वाक्य रचा. दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने अर्थ झाकून आठवून पाहा. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवल्याने शब्द पक्का बसतो.

आता चुका. आपल्या बऱ्याच चुका मराठीच्या सवयीतून येतात, त्यामुळे त्या आधीच हेरता येतात. विषयावर चर्चा करतो म्हणून 'डिस्कस अबाउट', कुणाशी लग्न होतं म्हणून 'मॅरीड विथ'. इंग्रजीत मात्र 'डिस्कस द प्लॅन' आणि 'मॅरीड टू'.

सगळ्यात चिवट चूक 'पासून'ची. 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो' याचं हमखास 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' होतं. यात दोन चुका आहेत. कालावधी सांगताना 'फॉर' आणि सुरुवात कधी झाली ते सांगताना 'सिन्स' वापरा: 'फॉर फाइव्ह इयर्स', पण 'सिन्स 2019'. शिवाय मराठीतला वर्तमानकाळ इथे चालत नाही. 'आय हॅव बीन लिव्हिंग' हवं.

'अ' की 'ॲन' ठरवायला आपली देवनागरी फार कामाची. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. म्हणून 'ॲन अवर', 'ॲन एमएलए', पण 'अ युनिव्हर्सिटी'. अपवाद आपल्या उच्चाराचा: वर्षाला आपण 'इयर' म्हणतो, मूळ उच्चार 'यिअर', म्हणून 'अ यिअर'.

'फर्निचर', 'लगेज', 'इन्फॉर्मेशन', 'ॲडव्हाइस' यांचं अनेकवचन करू नका. शंका आली तर लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश, उघडा. ऑक्सफर्डच्या अशा कोशाचं मूळ ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना तयार केलेल्या, 1942 मध्ये निघालेल्या कोशात आहे. परकी भाषा शिकणारा कुठे अडतो, हे ओळखूनच तो रचला होता. लर्नर्स डिक्शनरीत नामापुढे 'यू' अशी खूण दिसली, की ते मोजता येत नाही, म्हणजे त्याचं अनेकवचन होत नाही, असं समजा.