जुना सोफा भरून घ्यावा की नवा आणावा? आधी तो पालथा घाला

सोफ्याचे कापड विरले की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो विकून टाका, दुसरा म्हणतो नवे कव्हर शिवा. दोघेही कापडाकडे बघून भांडत असतात, आणि कापड तर कसेही बदलायचेच आहे. खरा प्रश्न आतल्या सांगाड्याचा असतो. तो बघितल्याशिवाय शोरूममध्ये जाऊ नका आणि कारागिरालाही बोलावू नका.

गाद्या काढून सोफा सतरंजीवर पालथा घाला. बुडाला काळे पातळ कापड ताणलेले असते. त्याच्या एका बाजूच्या पिना स्क्रू ड्रायव्हरने उचका आणि आत टॉर्च मारा. ते पुन्हा पिना मारून बसवता येते.

आता लाकूड ओळखा. इथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून घाई नको. खानदेशातल्या जुन्या घरांत सागवानी सोफे अजून बरेच आहेत. सागवान जड असते, कापलेल्या टोकाशी तेलकट सोनेरी-तपकिरी दिसते आणि नखाने दाबल्यास सहसा खळगा पडत नाही. गेल्या काही वर्षांतल्या स्वस्त सोफ्यांत मात्र प्लायवूडचे तुकडे, पाइनच्या पट्ट्या आणि भुशाचा दाबलेला बोर्ड निघतो. बोर्ड निघाला तर विषय संपला, नवा घ्या. कारण मजबुतीपेक्षाही मोठी अडचण पिनांची असते. जुने कापड काढताना शेकडो पिना उपटाव्या लागतात आणि त्या भोकांपाशी बोर्ड भुसभुशीत होतो. नव्या पिना पहिल्या महिन्यात धरतात, मग बसताना कापड ओढले गेले की ओळीने निघतात. सागवान किंवा बाभूळ असेल तर तीच कड दोन-तीन वेळा पिना पेलते.

लाकूड पास झाले की सांधे. सोफा सरळ करा आणि पुढचा एक पाय साधारण सहा इंच उचला. तोवर पुढचा दुसरा पायही जमीन सोडू लागला पाहिजे. पहिला सहा इंच वर आला आणि दुसरा अजून फरशीला चिकटलेला असेल, तर सांगाडा पिळतोय, म्हणजे सांधे सुटलेत. सुटलेला सांधा हे सोफा फेकण्याचे कारण नाही. कुसू, म्हणजे खाचेत बसणारे लाकडाचे टोक, शाबूत असेल तर सांधा पूर्ण उघडून जुना गोंद खरवडायचा, नवा लावायचा, शिकंज्यात आवळून एक दिवस ठेवायचा. कारागीर वरून लोखंडी कोन आणि चार स्क्रू मारून मोकळा होऊ पाहील. होऊ देऊ नका. आतला सांधा हलतच राहतो, स्क्रूची भोके मोठी होतात आणि कुसू तुटते. मग आख्खी पट्टी बदलावी लागते.

वाळवी शोधायची ती मागच्या आडव्या पट्टीत आणि मागच्या पायांत. धाब्याच्या किंवा मातीच्या भिंतीच्या घरात भिंतीला टेकलेला सोफा मागूनच पोखरला जातो आणि पुढून कोराकरकरीत दिसतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, डबडब वाजले तर टोक दाबून बघा. एक-दोन पट्ट्या खाल्ल्या असतील तर बदलता येतात. दोन्ही मागचे पाय आणि बैठकीची पट्टी गेली असेल तर आशा सोडा. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो भुंगा. त्याला औषध दिल्याशिवाय वर नवा फोम चढवणे म्हणजे किड्यांना पांघरूण घालणे.

बैठक खचली की सगळे फोमवर खापर फोडतात. गादी काढा आणि खालच्या पट्ट्यांवर, स्प्रिंगांवर गुडघा टेकून वजन द्या. तिथेच खड्डा पडला तर दोष खाली आहे: रबरी पट्टे सैल झालेत, नागमोडी स्प्रिंग खुंटीतून निसटलीय किंवा नवार ताणलीय. ही दुरुस्ती स्वस्त असते. खाली घट्ट लागले तरच फोम मेला असे समजा. गादीखाली प्लायवूड सरकवा हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो वाईट आहे. खालची लवचिकता जाते, सगळा भार फोमवर येतो, तो लवकर बसतो आणि म्हाताऱ्या माणसांना लाकूड टोचू लागते. प्लायच हवे असेल तर 4 ऐवजी 5 इंच फोम घ्या.

इथवर सोफा टिकला तर हिशेब करा. भरून घेण्याच्या खर्चाची तुलना शोरूममधल्या सर्वांत स्वस्त सोफ्याशी करू नका. सुताराला विचारा, याच लाकडाचा, याच मापाचा नवा किती पडेल? भरून घेण्याचा सगळा खर्च त्याच्या निम्म्याच्या आत असेल तर डोळे झाकून भरून घ्या. त्यापुढे गेला तर बैठकीची उंची मोजा. ती गादीसकट 17-18 इंच हवी. 14-15 इंचांच्या ठेंगण्या सोफ्यावरून गुडघेदुखीच्या माणसाला उठवत नाही. पाय दीड-दोन इंच वाढवता येतात, उंची त्याहून जास्त कमी पडत असेल तर नवा परवडला. जुना द्या, नवा न्या अशा योजनेत सागवानी सांगाडा मात्र कधीच देऊ नका. तिथे त्याला भंगाराचा भाव मिळतो.

भरून घ्यायचे ठरले की फोमवर नजर ठेवा, लबाडी तिथेच चालते. रोज बसण्याच्या गादीला 40 डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला 40 किलो भरणारा फोम घ्या, पाठीला 32 चालतो. बोटाने दाबून फरक कळत नाही, कारण कमी डेन्सिटीचा फोमही कडक करून विकला जातो. वजन करा. 22 बाय 22 इंचांची, 4 इंच जाडीची गादी खऱ्या 40 ची असेल तर साधारण सव्वा किलो भरते, 32 ची असेल तर किलोभर. किराणा दुकानातला काटा पुरतो. कापड चढवण्याआधी, स्वतः उभे राहून वजन करायचे. जुन्या सोफ्यात कापूस किंवा काथ्या निघाला तर लगेच टाकू नका. ढेकूण नसतील तर कापूस पिंजून फोमवर पातळ थर देता येतो आणि उन्हाळ्यात त्यावर बसायला बरे वाटते.

कापडाचे माप सोपे आहे. 54 इंच पन्ह्यात वरच्या मापाच्या एका गादीला सुमारे 90 सेंटीमीटर लागतात, म्हणजे 3+1+1 च्या (एक तिघांचा, दोन एकेकाचे) लाकडी सोफ्यातल्या बैठकीच्या आणि पाठीच्या मिळून दहा गाद्यांना 9 मीटर आणि पायपिंगला मीटरभर. मोठी फुले जुळवायची असतील तर दीड-दोन मीटर वाढवा. सगळीकडून मढवलेल्या सोफ्याला याच्या जवळपास दुप्पट धरा.

रेक्झिन घेऊ नका. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यात समोर कूलरचा दमट वारा. उष्णता आणि दमटपणा मिळून रेक्झिनचा वरचा थर सुटतो आणि पापुद्रे कपड्यांना चिकटतात. शिवाय घामाने पाठ चिकटते ते वेगळेच. जाड विणीचे कापड घ्या, सुती असेल तर शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढा, आणि गाद्यांना चेन लावायला सांगा.

कामाची वेळ निवडा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे लग्नसराई, श्रावणात कानबाईच्या सणासाठी रंगरंगोटी, मग दिवाळी. या तिन्ही वेळी कारागीर घाईत असतो आणि घाईत सांधे उघडले जात नाहीत, कोन ठोकले जातात. भर पावसात सांधे चिकटवणेही टाळा. तेव्हा लाकूड फुगलेले असते, सुकले की सांधा पुन्हा सैल होतो. दिवाळी उलटल्यापासून होळीपर्यंतचा काळ उत्तम.

चिठ्ठीवर फोमची डेन्सिटी, जाडी, कापडाचे मीटर आणि कोणते सांधे उघडायचे ते लिहून घ्या. पूर्ण पैसे पाय उचलून बघितल्यावर द्या. उरलेले कापड कारागिराकडे सोडू नका, सोफ्याच्या हाताच्या पुढच्या टोकाशी आधी फाटते तेव्हा तोच तुकडा लागतो.