दिवा लागलेली लक्झरी गाडी विकायला काढण्याआधी

बीएमडब्ल्यू असो, मर्सिडीज असो की ऑडी, डॅशबोर्डवर दिवा लागलेली गाडी विकता येते आणि रास्त भावाला विकता येते. त्यासाठी गिऱ्हाईक दारात येण्याआधी दिवा कशामुळे लागलाय हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. कारण कळलेलं नसलं की गिऱ्हाईक सगळ्यांत वाईट शक्यता धरून भाव पाडतो. काम पन्नास हजारांचं असलं तरी कागद नसेल तर तो दीड-दोन लाख कापायला बसतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. म्हणून पॉलिश, सीट धुणं आणि फोटो नंतर, आधी दिवा.

पहिल्यांदा रंग पाहा. ऑइलचा दाब, इंजिनचं तापमान, ब्रेक आणि चार्जिंग यांचा लाल दिवा लागला तर गाडी हलवू नका. पिवळ्या दिव्यावर बहुतेक वेळा जपून चालवता येतं. मात्र चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये मिसफायर होतंय, म्हणजे इंधन नीट पेटत नाही. न जळलेलं इंधन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि आतून वितळतो, आणि लहान दुरुस्ती मोठी होते. लक्झरी कंपन्यांची अधिकृत वर्कशॉप कोकणात हाताशी नाहीत, गोवा, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. लाल दिव्यावर आंबा किंवा कुंभार्ली घाट चढवायचं धाडस करू नका, फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक, मागवा. एक्सड्राइव्ह, ४मॅटिक, क्वाट्रो यांसारखी चारही चाकांना ताकद देणारी गाडी दोन चाकं उचलून ओढली तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) आणि क्लच खराब होतात. ती चारही चाकांसह फ्लॅटबेडवर चढवूनच न्यायची. टो हूक आणि व्हील लॉकचा अडॅप्टर डिकीत आहेत ना, हे आजच पाहून ठेवा. ऐन वेळी ते सापडत नाहीत.

स्कॅनिंगच्या आधी बॅटरी तपासा. गावच्या घरी महिनोन्‌महिने उभी राहणारी, गणपती आणि शिमग्यालाच चालणारी गाडी असेल तर एकाच वेळी पाच-सहा दिवे लागण्याचं कारण बहुधा हेच असतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ च्या खाली असेल तर आधी पूर्ण चार्ज करा, मग पुढचं बघा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसतात. नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करतो, त्यामुळे एका क्षणाच्या आकड्यावर निकाल देऊ नका. बॅटरी बदलायची ठरली आणि मूळची एजीएम (आत काचतंतूंची चटई असलेली सीलबंद बॅटरी) असेल तर एजीएमच घाला. बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते. ती नसेल तर गाडी नव्या बॅटरीलाही जुनीच समजून चार्ज करत राहते.

आता स्कॅन. बाजारात मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर मुख्यतः इंजिनचे कोड वाचतो. एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स आणि एअर सस्पेन्शन यांच्यासाठी त्या कंपनीची यंत्रणा पूर्ण वाचणारा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा आणि सगळ्या मॉड्यूलचा, म्हणजे गाडीतल्या प्रत्येक कंट्रोल युनिटचा, छापील रिपोर्ट मागा. त्यावर चासी नंबर, किलोमीटर आणि तारीख असलीच पाहिजे. कोड लागला त्या क्षणीचं तापमान, वेग आणि आरपीएम म्हणजे फ्रीझ फ्रेमही छापून घ्या. एक गोष्ट मेकॅनिकला ठामपणे सांगा: प्रिंट निघेपर्यंत काहीही पुसायचं नाही. आणि कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे. पी०४२० आला म्हणून लगेच महागडा कन्व्हर्टर बदलू नका; एक्झॉस्टची गळती किंवा थकलेला ऑक्सिजन सेन्सर यांमुळेही तो येऊ शकतो. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय, आणि त्यामागे अनेकदा चिरलेला रबरी पाइप असतो.

विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसून दिवा घालवायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, ‘अपूर्ण’ दाखवतात आणि कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही बहुतेक गाड्यांत वाचता येतं. जाणकार गिऱ्हाईक दोन मिनिटांत पकडतो. इग्निशन ऑन केल्यावर सगळे दिवे क्षणभर लागून विझायला हवेत. एखादा लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलाय हे उघड होतं. शिवाय भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७ नुसार ठाऊक असलेली गोष्ट फसवण्याच्या हेतूने झाकून ठेवणं हे कपट ठरतं, आणि कलम १९ खाली असा व्यवहार खरेदीदाराला रद्द करून मागता येतो.

कोकणात काही दोष पुन्हा पुन्हा दिसतात, त्यामुळे मेकॅनिकला आधी तिथेच बघायला सांगा. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलचे दिवे एकत्र लागले तर व्हील स्पीड सेन्सरपासून सुरुवात करा. खाऱ्या हवेने त्याच्या कनेक्टरवर हिरवट गंज चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिना साफ केल्या की कधी कधी तेवढ्यावरच भागतं. इंजिन ते बॉडीचा अर्थिंग पट्टा सोडवून, घासून पुन्हा आवळा. इंजिनवर प्रेशर वॉशर मारून ते चकचकीत करायचा मोह मात्र टाळा, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी नवे दिवे लावतं.

सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाहणं फार गरजेचं आहे. अंगणातल्या झाडाचा पाचोळा आणि मोहोर त्यांत जमतो, वरून शेवाळ धरतं, आणि पावसाचं पाणी छतातून पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. काही जर्मन गाड्यांत कंट्रोल युनिट आणि वायरिंगचे जोड नेमके तिथेच असतात. प्रत्येक कोपऱ्यात अर्धा पेला पाणी सावकाश ओता. ते गाडीखाली पडलं पाहिजे. तुंबलं तर गवत कापायच्या मशीनची बारीक नायलॉन दोरी आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या आत निसटते. कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघा. वरून कोरडा आणि आतून ओला असतो तो बऱ्याचदा. जिथे वायर कुरतडलेली दिसेल तिथे उंदरांचा माग काढा. पावसाळ्यात ते बोनेटखाली ऊब शोधतात.

डिझेल गाडी रोज बाजारापुरती तीन-चार किलोमीटर फिरत असेल तर डीपीएफचा, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा, दिवा अपेक्षितच. काजळी जळायला एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. दिवा नुकताच लागला असेल तर रत्नागिरीजवळच्या हातखंब्यावरून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरा आणि इंजिन गरम झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवा. गाडीची ताकदच कमी झाली असेल तर या फेरीने काही होत नाही, वर्कशॉपमध्ये स्कॅनरनेच रीजनरेशन करावं, म्हणजे काजळी जाळावी लागते. त्याआधी ऑइलची पातळी बघा. खुणेच्या वर गेली असेल तर त्यात डिझेल मिसळलंय, आणि ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एअर सस्पेन्शनच्या दिव्यासाठी सपाट जागेवर गाडी लावून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजा आणि सकाळी पुन्हा मोजा. जो कोपरा बसला तिथला एअर बेलो (हवा भरलेली रबरी पिशवी) किंवा जोड गळतोय. ही गळती चालू ठेवली की कॉम्प्रेसर सतत धावून जळतो. विकायला वेळ लागणार असेल तर हे काम आधी करून घ्या. एअरबॅगचा दिवा अनेकदा सीटखालच्या कनेक्टरमुळे लागतो, पण त्या वायरींना मल्टीमीटर लावू नका. बॅटरी काढून निदान दहा मिनिटं थांबल्यावर जाणकारानेच हात घालावा. रेझिस्टर बसवून हा दिवा विझवून देणारे भेटतात. तसं कधीही करू नका, पुढच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

चिपळूण परिसरातल्या गाडीला आणखी एक प्रश्न हमखास येतो. २२ जुलै २०२१ चा पूर लोक विसरलेले नाहीत, आणि इलेक्ट्रिकल दिवा दिसला की ‘पुरातली आहे का?’ हेच पहिलं विचारलं जातं. विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास लेखी घ्या, त्या जुलैच्या आधीची आणि नंतरची सर्व्हिस बिलं एकत्र लावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून आणि डिकीतली स्टेपनीची जागा उघडून दाखवायची तयारी ठेवा. गाळाची रेघ तिथे लपत नाही.

दोष कळला की दोन गॅरेजमधून पार्ट आणि मजुरी वेगळी लिहिलेली अंदाजपत्रकं घ्या. ब्रेक पॅडचा वेअर सेन्सर, बॅटरी, व्हील स्पीड सेन्सर असली कामं करूनच टाका. मग थंड इंजिनापासून सुरू करून गावात आणि हायवेवर काही दिवस गाडी चालवा, मॉनिटर पूर्ण झाल्यावर दुसरा स्कॅन रिपोर्ट काढा. गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर आमच्या मते दुरुस्ती न करता, अंदाजपत्रक दाखवून तेवढी रक्कम कमी करून विकणं बरं. खरेदीदाराला आपल्या भरवशाच्या ठिकाणी काम करता येतं. जाहिरातीतही दिवा लागलेल्या डॅशबोर्डचा फोटो टाका. दोष शोधायला पावसाळा उत्तम, कारण ओलाव्याने येणारे-जाणारे दोष तेव्हाच पकडता येतात. गाडी दाखवायला दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

कागदांत आरसी, चालू विमा, पीयूसी, दोन्ही चाव्या आणि भरलेली ई-चलानं लागतील. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, लावून घ्या. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, खरेदीदार गोव्याचा असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. अधिकृत डीलरला दिली तर फॉर्म २९सी भरायला लावा.

इसारपावतीत कोड, स्कॅनची तारीख, दिलेलं अंदाजपत्रक आणि ‘हा दोष माहीत असून गाडी आहे त्या स्थितीत घेतली’ हे वाक्य लिहून दोघांच्या सह्या घ्या. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका, आयकर कायद्याने ते चालत नाही. गाडी देण्याआधी जोडलेले फोन, घराचा पत्ता आणि कंपनीच्या अ‍ॅपवरचं खातं काढून टाका, फास्टॅग बंद करा. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते एजंटवर सोडू नका, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. परिवहनच्या साइटवर नाव बदललेलं दिसेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा. विमा नव्या मालकाच्या नावे झाला की आपलं एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनसचं, प्रमाणपत्र मागून घ्या. तो बोनस गाडीबरोबर जात नाही, पुढच्या गाडीला तीन वर्षांच्या आत वापरता येतो.