पन्नाशीच्या माणसाची हसवता हसवता रडवणारी सिरीयल लिहायचीय? आधी त्याचा रोजचा दिवस लिहा

बरेच जण पहिल्याच एपिसोडमधे त्या माणसाची नोकरी घालवतात, बायको माहेरी पाठवतात आणि मग म्हणतात की बघा क्रायसिस. प्लीज असं करू नका. आधी काहीच न घडलेला एक दिवस लिहून काढा, उठल्यापासून रात्री दिवा बंद करेपर्यंत, आणि त्यात रोज अगदी तश्शाच होणाऱ्या दोन-तीन गोष्टी शोधा.

हे शिकायचं असेल तर १९७६ ला बीबीसीवर आलेली 'द फॉल अँड राइज ऑफ रेजिनाल्ड पेरिन' बघाच. डेव्हिड नॉब्जनी स्वतःच्याच कादंबरीवरून लिहिलीय आणि लेनर्ड रॉसिटरनी त्यात रेजीचं काय काम केलंय! रेजी ४६ वर्षांचा, डेझर्ट बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला, रोज ऑफिसला ११ मिनिटं लेट आणि रोज ट्रेनचं नवीन कारण. पहिल्यांदा हसू येतं, पण चार-पाच वेळा झालं की आपलाच जीव गुदमरायला लागतो, कारण बदलतं पण ती ११ मिनिटं काही हलत नाहीत. म्हणून तो किनाऱ्यावर कपडे ठेवून स्वतःच्या मरणाचं नाटक करतो तेव्हा आपल्याला ते पटतं.

आता तुमचा सीन. तुमच्या नायकाला 'मी फार एकटा पडलोय' वगैरे बोलायला लावू नका, त्याला काहीतरी करू द्या. समजा तो ऑफिसमधून येतो, गाडी दारात लावतो, इंजिन बंद करतो आणि नुसताच बसून राहतो, स्टिअरिंगवर हात तसेच. शेजारी येऊन काचेवर टकटक करतो, 'काय, निघालात वाटतं?' हा घाईघाईत म्हणतो 'हो हो', आणि आता बोलून बसलाय म्हटल्यावर गाडी काढून एक चक्कर मारून यावंच लागतं. बायको हे सगळं खिडकीतून बघतेय, तो आत आल्यावर ती काही विचारत नाही, फक्त निवलेलं जेवण परत गरम करायला ठेवते. एवढंच लिहा, दुःखाचं म्युझिक नको.

आणि बायकोला बावळट करू नका हो, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. रेजी वेष बदलून परत येतो तेव्हा त्याची बायको एलिझाबेथ त्याला ओळखते आणि तरी काही दिवस ओळखलं नाही असं दाखवते, त्यात तिचं प्रेम किती दिसतं बघा.

जोक कोणावर करायचा? ऑफिसवर, बॉसवर, त्याच्या सबबींवर करा. त्याच्या भीतीवर नाही.

शेवटाचं म्हणाल तर त्याला एकदम सुखी करून टाकू नका, त्याला हवं ते द्या आणि त्यातच अडकवा. दुसऱ्या सीझनमधे रेजी मुद्दाम निरुपयोगी वस्तूंचं दुकान काढतो, ते धो धो चालतं, आणि ज्या कंपनी-बिंपनीतून पळाला होता तसल्याच कंपनीचा तो मालक होऊन बसतो.

ड्राफ्ट झाला की कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवा, पण कागदाकडे कमी आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे जास्त बघा. जिथे हसून झाल्यावर तो क्षणभर गप्प होतो तिथे पेन्सिलने खूण करा. अख्ख्या एपिसोडमधे अशी एकही खूण पडली नाही तर परत त्या काहीच न घडलेल्या दिवसाकडे जा आणि तिथून नव्याने सुरू करा.