मुलांची कार सीट: कायदा काय सांगतो आणि पट्टा किती आवळायचा

कसारा घाट उतरताना किंवा वणीच्या गडावर जाताना पुढच्या सीटवर आईच्या मांडीत बाळ, हे अजूनही सर्रास दिसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब नुसार 14 वर्षांखालचं मूल सीटबेल्टने किंवा चाइल्ड सीटमध्ये बांधलेलं नसेल, तर चालकाला 1000 रुपये दंड आहे. मागे बसलेल्या मोठ्यांनाही पट्टा सक्तीचाच. पण दंडाचं सोडा. जोरात धडक बसली तर मांडीवरचं मूल हातांनी धरून ठेवणं कुणालाच जमत नाही.

सीट मागच्या बाकावर लावा. तान्ह्या बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं, किमान 15 महिन्यांपर्यंत. अशी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीच नको: फुगणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

बसवताना सीटवर गुडघ्याने भार देऊन बेल्टची ढील काढा. बेल्ट जातो तिथेच सीट धरून हलवा. अडीच सेंटिमीटरहून जास्त सरकली तर पुन्हा आवळा. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत आला, तर तो सैल आहे. नाशिकच्या थंडीत हमखास होणारी चूक म्हणजे जाड जॅकेटवरून पट्टा लावणं. तो घट्ट वाटतो, पण धडकेत जॅकेट दबतं आणि मूल निसटू शकतं. आधी बांधा, मग वरून शाल घाला.

पुढे उंची साधारण 145–150 सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) ठेवा, नाहीतर मोठ्यांचा पट्टा गळ्यावर आणि पोटावर येतो.